बुरूज बांधण्याआधी बसून हिशेब करा

मननासाठी : २ राजे ४:१-७; बेनसिरा १८:३३; लूक १४:२८-३०



लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू एक अगदी घरगुती प्रश्न विचारतो. ज्याला बुरूज बांधायचा आहे तो आधी खाली बसून खर्चाचा हिशेब करणार नाही काय? पाया घातला आणि पैसा संपला, तर येणारे-जाणारे हसतील. आपल्याकडे म्हणतात, घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून. प्रभूला हा अनुभव ठाऊक होता. तो सुताराच्या घरात वाढला होता. अर्धवट राहिलेल्या भिंती त्याने नाझरेथच्या आसपास पाहिल्या असतील. आपणही अमरावती-अकोल्याच्या प्रत्येक वस्तीत त्या पाहतो.

प्रभू हा दाखला शिष्य होण्याच्या किमतीविषयी सांगतो, हे खरे. पण दाखल्यासाठी त्याने घरखर्चाचा हिशेब निवडला. जो माणूस बसून हिशेब करतो तो शहाणा, असे तो गृहीत धरतो. म्हणून पैशाचा विषय देवळाबाहेरचा आहे असे कोणी समजू नये. रात्री अंथरुणावर पडल्यावर ज्या गोष्टीने झोप उडते, तीच गोष्ट आपण रविवारी वेदीसमोर आणत नसू, तर आपली प्रार्थना अर्धीच राहते.

आज आपण पवित्र शास्त्रातील एका कर्जबाजारी घराकडे पाहू या. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात एक विधवा अलिशा संदेष्ट्याकडे येते. तिचा नवरा देवभीरू होता, संदेष्ट्यांच्या मंडळीतला होता. तरीही तो कर्ज ठेवून मेला, आणि आता सावकार तिचे दोन मुलगे गुलाम म्हणून न्यायला आला आहे. पहिली गोष्ट लक्षात घ्या : देवाला भिणाऱ्या माणसाच्या घरातही कर्ज असू शकते. कर्ज झाले म्हणजे देव कोपला किंवा माणूस वाईट, असे शास्त्र म्हणत नाही. पाऊस दडी मारतो, पऱ्हाटीवर बोंडअळी पडते, घरात एखादे मोठे आजारपण निघते. प्रत्येक कर्जामागे उधळेपणा नसतो.

ती विधवा चार गोष्टी करते. त्या एकेक करून पाहू.

१. ती बोलते

ती गप्प बसत नाही. जिथे ऐकून घेतले जाईल अशा माणसाकडे जाऊन ती सगळे सांगते. आपल्याकडे इथेच गाडी अडते. नवऱ्याने कृषी केंद्राची उधारी किती केली हे बायकोला ठाऊक नसते. बायकोने भिशी आणि मायक्रोफायनान्सच्या आठवड्याच्या हप्त्यासाठी कोणाकडून उसने घेतले हे नवऱ्याला ठाऊक नसते. लेकाने मोबाईलवरच्या अॅपवरून कर्ज काढले हे दोघांनाही ठाऊक नसते. मग एके दिवशी वसुलीवाला दारात येतो आणि सगळे एकदमच कळते.

आपल्या वऱ्हाडाने या गप्प बसण्याची किंमत फार मोठी मोजली आहे. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीचे पॅकेज जाहीर केले, त्यांत अमरावती आणि अकोला होते. त्या जिल्ह्यांची नावे देशभर झाली ती शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. त्यानंतर २००८, २०१७ आणि २०१९ साली कर्जमाफ्या झाल्या. त्यांनी काहींचे ओझे हलके झाले. पण बँकेचे कर्ज माफ होते, सावकाराचे, दुकानदाराचे आणि सोयऱ्याचे तसेच राहते.

ज्या घरातला माणूस असा गेला, त्या घराला हे सांगणे माझे कर्तव्य आहे : ख्रिस्तसभा अशा माणसाच्या तारणाविषयी आशा सोडायला सांगत नाही. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो की, भयंकर मानसिक त्रासाने माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते आणि ख्रिस्तसभा त्याच्यासाठी प्रार्थना करते. आणि ज्याच्या मनात आज असा विचार येत असेल, त्याने आजच कोणाला तरी सांगावे. बायकोला सांगा, भावाला सांगा, मिस्सा झाल्यावर मला थांबवा. रात्री-अपरात्री कोणीच जवळ नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. तिथे फोनवर मोफत बोलता येते. कर्जातून वाट निघते. गेलेला बाप परत येत नाही.

२. ती घरात काय आहे ते मोजते

अलिशा तिला पैसे देत नाही. तो विचारतो, तुझ्या घरात काय आहे? ती म्हणते, तेलाच्या एका भांड्याशिवाय काही नाही. चमत्कार तिथून सुरू होतो. आधी मोजणी होते, मग देवाची कृपा त्या मोजलेल्या भांड्यावर उतरते.

बंधू-भगिनींनो, एक साधी वही घ्या. एका पानावर महिन्याची मिळकत लिहा. दुसऱ्या पानावर महिनाभर रोजचा खर्च लिहा : किराणा, दूध, पेट्रोल, मोबाईलचा रिचार्ज, पान-खर्रा, चहा. जो खर्च लिहायला लाज वाटते तोच आधी लिहा. तिसऱ्या पानावर सगळी देणी लिहा : कोणाचे, किती, व्याज किती, मुदत कधी.

मग वर्षातून एकदा येणारे खर्च काढा. शाळेची फी जूनमध्येच येते आणि नाताळ २५ डिसेंबरलाच येतो, तरी दरवर्षी ते आपल्याला अचानक आल्यासारखे वाटतात. समजा फी १२ हजार, नाताळ व सोयरेधायरे ८ हजार, औषधपाणी ४ हजार. मिळून २४ हजार झाले, म्हणजे महिन्याला २ हजार. ते २ हजार पगाराच्या दिवशीच वेगळ्या डब्यात किंवा वेगळ्या खात्यात टाकले, तर जूनमध्ये कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

शेतकऱ्याचे गणित वेगळे आहे. त्याला महिन्याचा पगार नाही. कापूस, सोयाबीन, तुरीचा चुकारा वर्षातून एक-दोनदाच हातात येतो. तो आला की घर श्रीमंत असल्यासारखे वागते, आणि पेरणीच्या वेळी पुन्हा सावकाराचे दार. इथे मिसर देशातला योसेफ आठवा (उत्पत्ती ४१). सुबत्तेच्या सात वर्षांत त्याने पिकाचा पाचवा हिस्सा साठवला, म्हणून दुष्काळाची सात वर्षे देश जगला. वऱ्हाडाने उलटा धडाही पाहिला आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तेव्हा इथल्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. युद्ध संपले आणि भाव कोसळले. चढा भाव कायम राहील असे धरून जो खर्च करतो, तो नेहमीच अडकतो. म्हणून चुकारा हातात आला की आधी पुढच्या पेरणीचे बी-खत बाजूला काढा, मग देणी द्या, आणि उरलेल्याचे बारा भाग करा.

३. ती शेजाऱ्यांकडे जाते

अलिशा म्हणतो, शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, थोडीथोडकी नको. शेजाऱ्यांनी तिला भांडी दिली, व्याज मागितले नाही. आता आपण शेजारी म्हणून कसे आहोत ते पाहू.

आपल्या भागात उसने पैसे शेकडा पाच रुपयांनी मिळतात. ऐकायला पाच रुपये लहान वाटतात. पण ते दर महिन्याचे आहेत, म्हणजे वर्षाला साठ टक्के. १० हजार घेतले की महिन्याला ५०० नुसते व्याज. वीस महिन्यांत १० हजार देऊन झाले आणि मूळ मुद्दल जशीच्या तशी उभी. हप्त्याच्या कर्जातही नीट पाहा. 'फक्त बारा टक्के' असे सांगून १२ हजारांवर सरळ १,४४० रुपये व्याज लावले आणि बारा हप्त्यांत वसूल केले, तर मुद्दल दर महिन्याला कमी होत असतानाही व्याज पूर्ण रकमेवर पडते. तो दर प्रत्यक्षात सुमारे २२ टक्के होतो. म्हणून 'फ्लॅट' की 'घटत्या शिलकेवर', हे सही करण्याआधी विचारा.

नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय घरी उघडून वाचा. दुष्काळात लोकांनी शेते, द्राक्षमळे, घरे गहाण टाकली होती. मुली दासी म्हणून दिल्या होत्या. आणि घेणारे कोण? परके नव्हे, त्यांचेच भाऊबंद. नहेम्याने श्रीमंतांना सर्वांसमोर जाब विचारला, याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावली आणि शेते परत करवली. निर्गमच्या पुस्तकात तर देव सांगतो की, गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्य मावळण्याआधी ते परत कर, कारण तो रात्री काय पांघरील? (निर्गम २२:२५-२७)

हे स्पष्टच सांगतो. जो आपल्याच बांधवाकडून महिन्याला शेकडा पाच घेतो आणि रविवारी त्याच्याच शेजारी उभा राहून कम्युनियन घेतो, त्याने नहेम्याचा तो अध्याय गुडघे टेकून वाचावा. देणे परत मागण्यात पाप नाही. दुसऱ्याच्या अडचणीवर आपले घर उभे करण्यात पाप आहे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण क्षमा मागतो, तिथे मत्तयच्या मूळ ग्रीक शुभवर्तमानात 'ऋण' हाच शब्द आहे.

कायदाही गरिबाच्या बाजूने आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवानाधारक सावकारालाही सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, आणि व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा घेणे बेकायदा आहे. सावकारीत गेलेल्या जमिनीसाठी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. भीती वाटत असेल तर एकटे जाऊ नका, धर्मग्रामातील दोघे-चौघे सोबत घ्या.

एकमेकांना धरून उभे राहण्याची वाट ख्रिस्ती लोकांनी आधीही चालून दाखवली आहे. १९०९ साली छोटानागपूरमध्ये फादर जॉन हॉफमन या येशूसंघीय धर्मगुरूंनी सावकाराच्या कचाट्यातील आदिवासींसाठी कॅथोलिक सहकारी पतसंस्था काढली. १९१८ साली आपल्याच महाराष्ट्रात, वसईला, मॉन्सिनियर पी. जे. मोनिस यांनी लहान शेतकऱ्यांसाठी पतपेढी सुरू केली. तीच पुढे बॅसीन कॅथोलिक सहकारी बँक झाली. सुरुवात करणारे लोक श्रीमंत नव्हते. त्यांनी थोडे थोडे एकत्र केले आणि हिशेब उघडा ठेवला. आपल्या बचत गटातील भगिनी हेच करतात. गटाचे व्याज शेकडा दोन असेल, तर २० हजारांवर महिन्याला ४०० पडतात. सावकाराकडे तेच १ हजार. गटातून घेऊन आधी सावकार मोकळा केला, तर महिन्याला ६०० रुपये घरात राहतात. तेही गटाच्या मुद्दलात भरा, म्हणजे सुटका लवकर होईल.

जामीन राहण्याविषयी एक शब्द. बेनसिरा (अध्याय २९) म्हणतो की चांगला माणूस शेजाऱ्याला जामीन राहतो, पण त्याच अध्यायात तो सावधही करतो की जामिनकीने पुष्कळांची घरे बसली आहेत. म्हणून एवढेच लक्षात ठेवा : ज्या रकमेला तुम्ही जामीन राहता, ती फेडण्याची तुमची तयारी हवी. नसेल तर प्रेमाने नाही म्हणा.

४. ती आधी देणे देते, मग उरलेल्यावर जगते

भांडी भरली तेव्हा अलिशाने तिला मेजवानी द्यायला सांगितले नाही. तेल विक, कर्ज फेड आणि उरलेल्यावर तू व तुझे मुलगे जगा, असे त्याने सांगितले. आपण नेमका हा क्रम उलटा करतो.

बेनसिरा सांगतो, उसन्या पैशांच्या मेजवान्या करून भिकारी होऊ नकोस. आपली मराठी म्हण तेच म्हणते : ऋण काढून सण. लग्न, पहिले कम्युनियन, घरभरणी, तेरवीसारखी मयताची जेवणे. चार लोक काय म्हणतील म्हणून मंडप, डीजे, फटाके. ते चार लोक जेवून जातात, हप्ते भरायला येत नाहीत. बाप्तिस्म्याला पाण्याची गरज आहे आणि लग्नाला वधू-वरांच्या संमतीची. मंडपाची अट ख्रिस्तसभेने कधी घातलेली नाही.

आपल्या मातीतले गाडगेबाबा हेच सांगत आयुष्यभर फिरले. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावला १८७६ साली जन्मलेला देबूजी मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाकडे वाढला. मामाची जमीन सावकाराने गिळली, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. म्हणून पुढे प्रत्येक कीर्तनात त्यांचे सांगणे असे : कर्ज काढू नका, सण-जेवणावळीत पैसा घालू नका, पोरांना शिकवा. आपल्या मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे दारू-मटण न देता त्यांनी गोडाचे जेवण दिले. नातेवाईक रागावले, पण घर कर्जात पडले नाही. ते आपल्या धर्माचे नव्हते. पण भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र, ही त्यांची शिकवण मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायाशेजारी ठेवून पाहा.

देवळाच्या दानाबद्दलही सांगतो. उसने काढून कोणी दान देऊ नये. संत पौल म्हणतो, ज्याच्याजवळ जे आहे त्याप्रमाणे दिलेले दान देवाला मान्य होते. दुसऱ्याला आराम आणि तुम्हाला ओढाताण, असा त्याचा हेतू नाही (२ करिंथ ८:१२-१३).

आता 'उरलेल्यावर जगणे', म्हणजे म्हातारपण. कोणी म्हणेल, फादर, उद्याची चिंता करू नका असे प्रभूनेच सांगितले ना? (मत्तय ६:३४) होय. पण प्रभूने चिंता नको म्हटले, तयारी नको म्हटले नाही. बुरूज बांधणाऱ्याला बसून हिशेब करायला सांगणारा तोच आहे. ज्याने तयारी केली त्याची चिंता कमी होते. धोका दुसऱ्या टोकाला आहे. कोठारे भरून आपण सुरक्षित झालो असे मानणाऱ्या श्रीमंताला प्रभू मूर्ख म्हणतो (लूक १२:१६-२१). साठवा, पण साठ्यावर विश्वास ठेवू नका.

मजुरी, रिक्षा, धुणीभांडी, लहान दुकान करणाऱ्यांना पेन्शन नसते. त्यांच्यासाठी २०१५ पासून अटल पेन्शन योजना आहे. १८ ते ४० वयात खाते उघडता येते, मात्र आयकर भरणाऱ्यांना ऑक्टोबर २०२२ पासून नवीन खाते उघडता येत नाही. अठराव्या वर्षी सुरू केले तर महिना २१० रुपये आणि तिसाव्या वर्षी केले तर ५७७ रुपये भरून, साठीनंतर महिना ५ हजार मिळतात. उशिराची किंमत या दोन आकड्यांत दिसते. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा बँकेतच मिळतो, तो प्रत्येक कमावत्या माणसाने घ्यावा. आयुष्याची पुंजी जिथे ठेवता तिथे विचारा : ठेवीला विमा आहे का? बँकेत प्रत्येक ठेवीदाराच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा आहे. पतसंस्थेतील ठेवींना तो विमा नाही. जास्त व्याजाच्या लोभाने सगळे तेल एकाच भांड्यात ओतू नका.

आणि वडीलधाऱ्या मंडळींनो, बेनसिरा (३३:२०-२४) तुमच्यासाठी लिहितो : जिवंत असेपर्यंत आपली मालमत्ता मुलाच्या किंवा भावाच्या हाती देऊ नकोस, नाहीतर पुन्हा मागायची वेळ येईल. वाटणी शेवटच्या दिवसासाठी ठेव. म्हणून घर-शेत आज नावावर करून देण्यापेक्षा मृत्युपत्र करा. बक्षीसपत्र करायचेच असेल, तर सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घ्या. तशी अट असेल आणि सांभाळ झाला नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून मागता येते. आणि मुलांनो, देवाला वाहिले असे म्हणून आई-बापांना उपाशी ठेवणाऱ्यांना प्रभू किती कठोर बोलला, ते मार्कच्या सातव्या अध्यायात वाचा.

या आठवड्यात करू या :
- रविवारी संध्याकाळी रोजरीनंतर नवरा-बायकोने एकत्र बसून देण्यांची यादी करावी. त्या वेळी कोणी कोणाला दोष देऊ नये.
- सर्वांत जास्त व्याजाचे कर्ज आधी फेडायचे ठरवावे आणि ते फिटेपर्यंत नवे काढू नये.
- ज्याला शक्य आहे त्याने आपल्याकडून घेतलेल्या एका तरी गरिबाचे व्याज सोडावे.
- लहान ख्रिस्ती समूहात विचार करावा : आपल्या गल्लीत कोणाचे भांडे रिकामे आहे, आणि ते आपल्यापाशी मागायला त्याला लाज का वाटते?

प्रार्थना : हे दयाळू पित्या, विधवेच्या घरातले थोडेसे तेल तू पुरवलेस. आमच्या घरात जे आहे ते प्रामाणिकपणे मोजण्याचे धैर्य आम्हांला दे. कर्जाने वाकलेल्यांना बोलण्याचे बळ दे आणि ज्यांच्याजवळ आहे त्यांना सोडून देणारे हृदय दे. आमच्या म्हाताऱ्यांना कोणाच्या दारात उभे राहू देऊ नकोस. जे उरेल त्यात समाधानाने आणि एकमेकांसह जगायला आम्हांला शिकव. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे आम्ही ही प्रार्थना करतो. आमेन.